जनुकाच्या रुळावर अडलेली गाडी

१९३६ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयातले डॉक्टर एडवर्ड आल्फ्रेड कॉकेन यांनी एका बहीण-भावाची हकिगत छापली. दोन्ही मुलांची वाढ खुंटली होती, ऐकू येणं कमी झालं होतं आणि डोळ्यांचे पडदे झिजत चालले होते. दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, कॉकेन यांनी याच भावंडांवर पुन्हा लिहिलं. आजार थांबला नव्हता. कॉकेन यांचा आयुष्यभराचा दुसरा ध्यास म्हणजे फुलपाखरं आणि पतंग. पंखांवरच्या खुणांतला बारीक फरक टिपणारी त्यांची नजर या मुलांवरही तितकीच बारकाईने फिरली, कदाचित म्हणूनच हा आजार इतर खुरटेपणांतून वेगळा काढता आला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो: कॉकेन सिंड्रोम.

जन्मतः बाळ बहुधा चारचौघांसारखंच असतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षात वजन आणि उंची अडते, डोकं लहान राहतं, चेहऱ्यावरची चरबी विरते, डोळे खोल जातात. उन्हात नेलं की कातडी भाजते. दात किडतात, सांधे आखडतात, चाल बिघडते. पाच-सात वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर म्हातारपण दिसू लागतं. १९९२ साली मार्था नान्स आणि सुसान बेरी यांनी १४० रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा मृत्यूचं सरासरी वय बारा वर्षांच्या जरासं वर निघालं. आजार दुर्मीळ आहे. पश्चिम युरोपात दहा लाख जन्मांमागे अडीच ते तीन मुलं, असा अंदाज आहे.

या मुलांची एक गोष्ट संशोधकांना कित्येक वर्षं सतावत राहिली. उन्हाने कातडी इतकी भाजते, तरी त्यांना त्वचेचा कर्करोग होत नाही.

याच्या उलट उदाहरण समोर होतंच. झेरोडर्मा पिग्मेंटोसम हा आजार व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी १८७४ मध्येच नोंदवला होता. त्या मुलांनाही ऊन सोसत नाही, पण त्यांच्या कातडीवर लहानपणापासून कर्करोगाच्या गाठी येतात. १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या जेम्स क्लीव्हर यांनी त्याचं कारण शोधलं. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी डीएनएतली शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना चिकटतात. निरोगी पेशी तो चिकटलेला तुकडा कापून काढतात आणि जागा भरून घेतात. या रुग्णांच्या पेशींना ते जमत नाही. दुरुस्ती नाही म्हणून चुका साठतात, चुका साठल्या म्हणून कर्करोग. हिशोब सरळ होता. मग कॉकेनच्या मुलांचं काय? त्यांच्या पेशीही अतिनील किरणांनी मरत होत्या. पण प्रयोगशाळेत एकूण दुरुस्ती मोजली की ती जवळजवळ नेहमीइतकीच भरायची.

चूक त्या ‘एकूण’ शब्दात होती. माणसाच्या पेशीत डीएनएची सुमारे सहाशे कोटी अक्षरजोड्या असतात. आईकडून आलेला अर्धा वाटा, वडिलांकडून आलेला अर्धा. त्यात प्रथिनांची माहिती देणारी जनुकं वीस हजारांच्या आसपास, आणि एखाद्या पेशीत एका वेळी त्यांतली काहीच कामावर असतात. जनुक कामावर आलं म्हणजे आरएनए पॉलिमरेज नावाचं प्रथिनांचं यंत्र त्याच्यावरून सरकत जातं आणि त्याची आरएनए प्रत काढतं. याला प्रतिलेखन म्हणतात. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकच धागा यंत्र वाचत असतं, दुसरा नुसता सोबत असतो. सगळ्या सहाशे कोटी जोड्यांवरची दुरुस्ती एकत्र मोजली, तर वाचल्या जाणाऱ्या इवल्याशा भागात काय चाललंय ते त्या ढिगात बुडून जातं.

हा ढीग उपसला स्टॅनफर्डच्या फिलिप हॅनावॉल्ट यांच्या प्रयोगशाळेने. डीएनए दुरुस्तीच्या शोधात हॅनावॉल्ट १९६० च्या दशकापासूनच होते. १९८५ मध्ये त्यांच्याकडे काम करणारे डॅनिश डॉक्टर विल्हेल्म बोर यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशी घेतल्या. या पेशींनी मेथोट्रेक्सेट औषधाला तोंड देण्यासाठी एका जनुकाच्या अनेक प्रती करून ठेवल्या होत्या, त्यामुळे ते एकटं जनुक तपासणं सोपं गेलं. पेशींवर अतिनील किरण सोडायचे आणि ठरावीक तासांनी डीएनए बाहेर काढायचा. जिथे अक्षरं चिकटलेली असतील नेमका तिथेच छेद देणारं विषाणूपासून मिळवलेलं विकर त्यावर वापरायचं. तुकडा अखंड राहिला तर दुरुस्ती झाली, तुटला तर राहिली. मला हा प्रयोग फार आवडतो. उपकरणं साधी, पण प्रश्न अचूक. उत्तरही तसंच आलं. सव्वीस तासांत त्या चालू जनुकातल्या दोन-तृतीयांशाहून जास्त जागा दुरुस्त झाल्या होत्या. संपूर्ण जनुकसंचात मात्र दुरुस्ती झाली होती जेमतेम १५ टक्के.

दोन वर्षांनी इझाबेल मेलन यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि त्याच जनुकाचे दोन धागे वेगवेगळे मोजले. वाचला जाणारा धागा चार तासांत सुमारे ८० टक्के दुरुस्त. सोबतचा धागा चोवीस तास उलटले तरी जवळजवळ जसाच्या तसा. म्हणजे पेशी ‘महत्त्वाच्या जनुका’ची काळजी घेत नव्हती. पॉलिमरेज ज्या धाग्यावरून सरकतं, फक्त त्या धाग्याची घेत होती. दुरुस्तीची हाक वाचणारं यंत्रच देत होतं.

जीवाणूंमध्ये या हाकेचा माग त्याआधीच लागला होता, फक्त तो कशाचा माग आहे हे कळलं नव्हतं. एव्हलिन विटकिन यांनी १९५६ मध्ये पाहिलं होतं, की अतिनील किरणांनंतर जीवाणूंचं प्रथिनं बनवण्याचं काम थोडा वेळ रोखलं तर उत्परिवर्तनांची संख्या झपाट्याने उतरते. पुढे त्यांना असे जीवाणू सापडले ज्यांच्यात ही उतरण होतच नाही. १९९३ मध्ये अझीझ संजार आणि ख्रिस्तोफर सेल्बी यांनी त्यामागचं प्रथिन काय करतं ते दाखवलं: अडलेल्या पॉलिमरेजला ते डीएनएवरून ढकलून काढतं आणि दुरुस्तीच्या प्रथिनांना त्याच जागी बोलावतं. संजार यांना २०१५ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. विटकिन यांना त्याच वर्षी लास्कर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या चौऱ्याण्णव वर्षांच्या होत्या. जवळपास साठ वर्षं एका नोंदीचा अर्थ उलगडत जाताना पाहणं किती शास्त्रज्ञांच्या वाट्याला येतं?

पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या एकेरी मार्गावर गँगमन रुळांची गस्त घालतात, तशी एक गस्त आपल्या पेशीतही असते. एक्सपीसी नावाचं प्रथिन सगळ्या डीएनएवर फिरून वाकडेपण शोधत असतं. पण गाडीच तुटलेल्या रुळापाशी येऊन थांबली, तर गस्तीची वाट पाहावी लागत नाही, बिघाड कुठे आहे ते गाडीच सांगते. अडचण पुढची आहे. गाडी नेमकी बिघाडावरच उभी असते. पॉलिमरेज डीएनएची तीसएक अक्षरं आपल्याखाली झाकून ठेवतं, त्यामुळे दुरुस्ती करणाऱ्यांना खालची जागा दिसतही नाही. आधी गाडी मागे घ्यायला हवी, नाहीतर रुळावरून उचलायला हवी. माणसाच्या पेशीत हे काम करणाऱ्यांमध्ये दोन प्रथिनं मुख्य आहेत, सीएसए आणि सीएसबी. कॉकेनच्या मुलांमध्ये यांपैकीच एक बिघडलेलं असतं.

इथे कोडं सुटायला लागतं. ससेक्सच्या लिन मेन आणि अ‍ॅलन लेमन यांनी १९८२ मध्येच टिपलं होतं, की अतिनील किरणांनंतर निरोगी पेशीत आरएनए बनणं थोडा वेळ मंदावतं आणि पुन्हा सुरू होतं, कॉकेनच्या पेशीत मात्र ते सुरूच होत नाही. या तपासणीवर पुढे कित्येक वर्षं या आजाराचं निदान होत आलं. १९९० मध्ये लायडनच्या गटाने दाखवून दिलं, की या पेशींची सर्वसाधारण गस्त शाबूत असते, फक्त वाचल्या जाणाऱ्या जनुकांची तातडीची दुरुस्ती नसते. झेरोडर्माच्या एका प्रकारात नेमकं उलट असतं. तिथे एक्सपीसी नसतं, गस्त बंद, पण गाडीने दिलेली हाक ऐकली जाते. त्या मुलांना कर्करोग होतो, पण त्यांचा मेंदू सहसा झिजत नाही. कॉकेनच्या मुलांचा मेंदू झिजतो, पण कर्करोग होत नाही. गस्त नसेल तर चुका पुढच्या पेशींत उतरत जातात. गाडी अडून राहिली तर पेशी काम करू शकत नाही, आणि बराच काळ अडलेलं पॉलिमरेज पेशीला मरणाचा इशारा देतं. मेलेल्या पेशीचा कर्करोग होत नाही. पण मेंदूत मेलेल्या पेशीच्या जागी दुसरी येतही नाही.

दुरुस्ती नाही म्हणून कर्करोग, हे समीकरण आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की उत्परिवर्तन म्हटलं की आपण गाठच पाहतो. कॉकेनचा आजार वेगळं सांगतो. डीएनएचं अक्षर बदललं नाही, पण वाचन अडलं, तरी शरीर खचतं. म्हातारपणाचा जो अभ्यास आज जगभर चालू आहे, त्यात या मुलांच्या पेशींना मानाचं स्थान आहे ते यामुळेच.

मेंदूला ऊन लागत नाही, मग तिथे गाडी अडवतं कोण? हा आक्षेप जुना आणि रास्त होता. सौम्य भासणाऱ्या एका आजाराने तो आणखी टोकदार केला. जपानमध्ये असे रुग्ण सापडले ज्यांच्यात हीच तातडीची दुरुस्ती होत नव्हती, तरी त्यांना फक्त उन्हाचा त्रास होता, वाढ आणि बुद्धी व्यवस्थित. त्यांच्यातलं बिघडलेलं जनुक, यूव्हीएसएसए, २०१२ मध्ये तीन गटांनी एकाच वेळी शोधलं. २०२० मध्ये पुढचा धागा मिळाला: अडलेल्या पॉलिमरेजवर एका ठरावीक जागी युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते, आणि तिच्यावरच यंत्र हटवायचं, मोडायचं की ठेवायचं हे ठरतं. फरक दुरुस्ती झाली की नाही एवढ्यापुरता नसून अडलेलं यंत्र बाजूला झालं की नाही, यात असावा, असं चित्र त्यातून उभं राहिलं. आणि अडवणारा? २०२१ मध्ये केतन पटेल यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं, की पेशींच्या रोजच्या चयापचयात तयार होणारं फॉर्मल्डिहाइड हा एक अडवणारा आहे. ते निकामी करणारं विकर आणि सीएसबी ही दोन्ही काढून टाकली, तेव्हा उंदरांत कॉकेनच्या मुलांसारखी लक्षणं दिसली. उन्हापासून मुलाला जपता येतं, स्वतःच्या शरीरातल्या रसायनापासून कसं जपणार?

आता कर्करोगाकडे. वाचनाच्या या पक्षपाताच्या खुणा गाठींच्या डीएनएत शिलालेखासारख्या कोरलेल्या सापडतात. २०१० मध्ये ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटने फुप्फुसाच्या कर्करोगातल्या पेशींचा सगळा जनुकसंच वाचला. २२,९१० ठिकाणी अक्षरं बदललेली. संशोधकांनी हिशोब मांडला, दर पंधरा सिगारेटींमागे एक बदल. त्याच वेळी वाचलेल्या मेलानोमा, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाच्या, पेशींमध्ये ३३,३४५ बदल. दोन्हीकडे चालू जनुकांच्या वाचल्या जाणाऱ्या धाग्यावर घाव कमी होते. तंबाखूच्या धुराशी लढताना पेशीने काय वाचवायचा प्रयत्न केला आणि काय सुटलं, त्याचा हा लेखी पुरावा आहे.

याहून ठळक उदाहरण डॅन्यूबच्या खोऱ्यातलं. सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया, बल्गेरिया, रोमानिया या देशांतल्या काही ठरावीक गावांमध्ये पिढ्यान् पिढ्या मूत्रपिंडं निकामी होत होती, मूत्रमार्गाचे कर्करोग होत होते. गव्हाच्या शेतात तण म्हणून वाढणाऱ्या अ‍ॅरिस्टोलोकिया वेलीच्या बिया पिठात जात होत्या. १९९० च्या सुमारास ब्रुसेल्समधल्या बायकांनी वजन उतरवण्यासाठी घेतलेल्या वनौषधी गोळ्यांत याच कुळातली वनस्पती मिसळली गेली आणि त्यांचीही मूत्रपिंडं गेली. २००७ मध्ये आर्थर ग्रोलमन आणि सहकाऱ्यांनी या वनस्पतीतलं आम्ल रुग्णांच्या डीएनएला चिकटलेलं दाखवून दिलं. हे आम्ल ए या अक्षराला असं चिकटतं, की दुहेरी सर्पिल फारसं वाकत नाही. गस्तीला काही दिसतच नाही. फक्त पॉलिमरेज अडखळतं. म्हणून वाचला जाणारा धागा स्वच्छ होतो, सोबतच्या धाग्यावर मात्र ए च्या जागी टी झालेल्या चुकांची रांग राहते. ही खूण इतकी वेगळी आहे की गाठीचा डीएनए वाचून रुग्णाच्या पोटात काय गेलं ते सांगता येतं. तैवानच्या रुग्णांत ती मोठ्या प्रमाणावर सापडली. आपल्याकडे याच कुळातली ईश्वरी किंवा सापसण सर्पदंशावरचा उपाय म्हणून लोकांना माहीत आहे. तिच्यातही हे आम्ल असतं. परंपरेविषयी पुरेसा आदर ठेवूनही माझं मत स्पष्ट आहे: ही वेल पोटात घेऊ नये.

वाचन राखण करतं तसं नुकसानही करतं. पेशी विभागण्याआधी सगळ्या डीएनएची नक्कल व्हावी लागते. नक्कल करणारं यंत्र आणि वाचणारं यंत्र एकाच मार्गावर धावतात, आणि कधी कधी आदळतात. स्नायूंचं डिस्ट्रोफिन जनुक सुमारे बावीस लाख अक्षरांचं आहे, ते एकदा वाचायला सोळा तास लागतात. २०११ मध्ये स्ट्रासबुर्गच्या गटाने दाखवलं की अशी अतिलांब जनुकं वाचायला पेशीचं एक अख्खं चक्रही पुरत नाही, त्यामुळे टक्कर अटळ होते आणि गुणसूत्रं तिथेच तुटतात. शिवाय ताजा आरएनए कधी कधी मागच्या डीएनएलाच चिकटून राहतो. या गाठीला आर-लूप म्हणतात. सेव्हिलचे आंद्रेस आगिलेरा यांनी या गाठींचा धोका आधी यीस्टमध्ये उघड केला. स्तनाच्या कर्करोगामुळे घरोघरी माहीत झालेलं बीआरसीए-२ या गाठी आवरायलाही मदत करतं, हे त्यांच्याच गटाने २०१४ मध्ये मांडलं.

याच धोक्याचं औषध करणाऱ्यांत एक माणूस आपल्या मातीतला होता. मनसुखलाल वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेला गेले, १९६२ मध्ये इंडियाना विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली आणि नॉर्थ कॅरोलिनात मनरो वॉल यांच्यासोबत झाडांतली कर्करोगविरोधी द्रव्यं शोधू लागले. १९६६ मध्ये या जोडीने चिनी झाडापासून मिळालेल्या कॅम्पटोथेसिनची रचना प्रसिद्ध केली, १९७१ मध्ये टॅक्सॉलची. लाखो स्त्रियांना जगवणाऱ्या टॅक्सॉलसाठीही आपण वाणींची पुरेशी आठवण ठेवलेली नाही. २०२० मध्ये ते गेले.

कॅम्पटोथेसिन काय करतं? पॉलिमरेज पुढे सरकतं तसा समोरचा डीएनए पिळत जातो. तो पीळ सोडवण्यासाठी टोपोआयसोमरेज-१ हे विकर एक धागा कापतं, पीळ सैल करतं आणि पुन्हा जोडतं. कॅम्पटोथेसिन त्या कापात शिरून बसतं, जोडू देत नाही. हे १९८५ मध्ये कळलं आणि विषारी म्हणून बाजूला पडलेलं द्रव्य पुन्हा कामाला आलं. त्याच्यापासून बनलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधं अमेरिकेत १९९६ मध्ये मान्य झाली. आज आपल्याकडेही बीजकोशाच्या आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ती दिली जातात.

पण या द्रव्याचा साठा चीनपुरता नव्हता. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी सह्याद्रीतल्या एका झाडात ते शोधलं. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे प्रमुख होते. झाड म्हणजे नरक्या. फुलांच्या दुर्गंधीमुळे सरपणालाही कोणी फारसं न विचारणारं हे झाड जगाच्या औषधबाजारात आलं, आणि कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्गातल्या जंगलांतून त्याची चोरटी तोड सुरू झाली. एका रुग्णाच्या पेशीतली गाडी मुद्दाम अडवण्यासाठी घाटातली झाडं मुळासकट जावीत, हे मान्य होण्यासारखं नाही. लागवड आणि पानं-फांद्यांतून काढणी हाच इथला मार्ग आहे, आणि वनखात्याने तो स्थानिक लोकांच्या हाती द्यायला हवा.

हे काप अडकण्याची एक बाजू पुन्हा मेंदूकडे नेते. असे अडकलेले काप सोडवणारं टीडीपी-१ नावाचं विकर ज्यांच्यात बिघडलेलं होतं, अशा एका सौदी कुटुंबाचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना कर्करोग नव्हता. त्यांचा छोटा मेंदू झिजत होता, चालताना तोल जात होता. चेतापेशी विभागत नाहीत, त्यांच्यात नक्कल होत नाही. तिथे जे अडतं ते वाचतानाच अडतं.

आता थेट बोलायचं ते आपल्या घरांविषयी. कॉकेन सिंड्रोम आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच होतो. दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी लग्न अजूनही होतं, आणि अशा नात्यात एकच दुर्मीळ दोष दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. घरात एका मुलाचं निदान पक्कं झालं, जनुकातला बदल कळला, की पुढच्या गरोदरपणात अकराव्या आठवड्याच्या पुढे तपासणी करता येते. मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजार धोरणातलं एक उत्कृष्टता केंद्र आहे. उन्हात पोळणारं, वाढ अडलेलं, ऐकू कमी येऊ लागलेलं, चेहरा ओढलेलं मूल दिसलं तर ‘अशक्त आहे’ म्हणून टॉनिकवर ठेवू नका, जनुकतज्ज्ञाकडे पाठवा. आजार बरा करणारं औषध आज नाही. पण ऊन टाळणं, श्रवणयंत्र, डोळ्यांची आणि दातांची निगा, नळीने अन्न यांनी या मुलांचे दिवस पुष्कळ सुसह्य होतात.

आणि एक गोष्ट प्रत्येक डॉक्टराने आणि प्रत्येक पालकाने लक्षात ठेवायची. जुलाबाला आणि दाताच्या पूला आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल या मुलांचं यकृत काही दिवसांत निकामी करू शकतं. त्यातून मृत्यू झालेले आहेत, आणि अमेरिका व युरोपात औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापलेला असतो. या मुलांचे दात किडतात, पोट बिघडतं, त्यामुळे हीच गोळी त्यांच्या हातात पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. निदान झालेल्या मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहा: मेट्रोनिडॅझोल देऊ नये.